माझ्यामुळे खोळंबा

डिचोलीहून एका वहिनींचं चार पानी पत्र आलं आहे. जागेअभावी त्यातलं निम्मंच देते.

"ताई, माझं वय ४४. पतसंस्थेत वीस वर्षं नोकरी झाली. धाकट्या दिरांनी गेल्या वर्षी स्कुबाचा, म्हणजे पाठीला हवेची टाकी लावून समुद्राखाली जायचा, कोर्स करून कार्ड मिळवलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. येत्या फेब्रुवारीत त्यांनी कर्नाटकात मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाची ट्रिप ठरवलीय. मी, माझे यजमान (वय ४९), दीर-जाऊ आणि दिरांचे चार मित्र. शनिवारी दोन डाइव्ह, रविवारी सकाळी एक, आणि तिथून थेट बेळगावला मामेसासऱ्यांकडे साखरपुड्याला. मला जायचं आहे, खोटं कशाला बोलू. पोहता येतं, सत्तरी तालुक्यात माहेरच्या विहिरीत दोन नारळ बांधून शिकले. पण मागे एकदा गोव्यातच ग्रँड आयलंडला पर्यटकांच्या बोटीतून स्कुबा केला, तेव्हा मास्कमध्ये पाणी शिरलं आणि मी इतकी घाबरले की इन्स्ट्रक्टरला ढकलून वर आले. बोटीवर सगळे हसले. दीर म्हणतात, 'वहिनी, पाण्यात पडलं की पोहता येतं. आणि मी बाजूलाच असेन.' दुसरं म्हणजे मला लहानपणी दमा होता. अजून पावसाळ्यात एखाद वेळी पंप घ्यावा लागतो. बुकिंगबरोबर आजारांचा एक फॉर्म आलाय. दिरांनी ग्रुपवर टाकलं की सगळ्यांनी सगळीकडे 'नाही' लिहा, नाहीतर डॉक्टरचं सर्टिफिकेट मागतात. माझ्या एकटीमुळे सात जणांचा खोळंबा नको वाटतो. न जाण्याचं एखादं बरं कारण सुचवाल का?"

वहिनी,

कारण सुचवत नाही. ऑडिट लागलंय, पाठ धरलीय, पाहुणे यायचेत ही कारणं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली येत असणार. शिवाय चार पानांत मला सगळ्यात खरं वाटलं ते 'मला जायचं आहे, खोटं कशाला बोलू' हे वाक्य. तेव्हा जाण्याबद्दलच बोलू.

आधी तो फॉर्म. पहिल्या पानावर दहा प्रश्न आहेत आणि त्यातला पहिलाच फुप्फुसं, श्वास, हृदय यांच्याबद्दलचा आहे. तो पहिला का, ते समजलं की 'नाही' लिहायला हात धजणार नाही. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे दहा मीटरवर दाब दुप्पट, आणि तिथे छातीत भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. नेहमीसारखा श्वास घेत-सोडत सावकाश वर येणाऱ्याच्या छातीतून ती आपोआप निघून जाते. दम्यात मात्र बारीक श्वासनलिका आकसतात, कफ अडकतो, आणि फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात हवा कोंडून राहते. वर येताना तीही फुगते. वाट मिळाली नाही तर फुप्फुस फाडते, आणि तिचा बुडबुडा रक्तातून मेंदूकडे गेला तर बोटीवर कुणाला काही करायला फारसा वेळ उरत नाही. याला फार खोली लागते असंही नाही. छाती भरून श्वास रोखलेला माणूस दीड-दोन मीटरवरून वर आला तरी हे होऊ शकतं. उथळ म्हणजे बिनधोक हा समज म्हणूनच काढून टाका. हवेच्या फुगण्या-आकसण्याचा सगळ्यात मोठा फेरफार वरच्या दहा मीटरमध्येच होतो.

त्यात टाकीतली हवा कोरडी असते. (वर्तमानपत्रांत त्याला हटकून 'ऑक्सिजन सिलिंडर' म्हणतात. त्यात नुसता ऑक्सिजन नसतो. आपण घेतो तीच हवा गाळून, दाबून भरलेली असते. माझी ही तक्रार जुनी आहे.) कोरडी गार हवा, पाय मारण्याचे श्रम, घशात गेलेला खारट पाण्याचा तुषार: दम्याच्या माणसाला वर असताना ज्यानं त्रास होतो ते सगळं खाली एकाच ठिकाणी हजर असतं.

म्हणून तुम्ही डाइव्ह करूच नये असं मी म्हणत नाही. दमा पूर्ण आटोक्यात असलेल्या कितीतरी लोकांना डॉक्टर तपासून परवानगी देतात आणि ते वर्षानुवर्षं डाइव्ह करतात. पण ते ठरवायचं छातीच्या डॉक्टरनं, मी नाही आणि तुमच्या दिरांनी तर अजिबात नाही. फॉर्मबरोबर डॉक्टरांसाठीची पानंही असतात, ती छापून न्या. पंप शेवटचा कधी घेतला, कशानं घ्यावा लागला, जिना चढल्यावर किंवा गार वाऱ्यात काय होतं ते आठवून कागदावर लिहून न्या, कारण डॉक्टरांसमोर बसल्यावर आपण सगळ्या 'तसं काही नाही हो' म्हणून मोकळ्या होतो. ते नळीत फुंकर मारायची तपासणी करतील, कदाचित चालवून-पळवून पुन्हा करतील. फेब्रुवारीला वेळ आहे. आणि डॉक्टर 'नको' म्हणाले तर ते 'नको' या ट्रिपपुरतं नाही, हेही आधी मनाशी ठरवून जा. दुसरा डॉक्टर शोधत फिरायचं नाही.

आता यजमान. त्याच फॉर्मचा दुसरा प्रश्न वय ४५च्या वर आहे का, असा आहे. तिथे 'हो' आलं की पुढच्या पानावर बिडी-सिगरेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, घरात कुणी कमी वयात हृदयविकारानं गेलं का, हे विचारतात. यांतलं एक जरी 'हो' असलं तरी त्यांनाही डॉक्टरांची सही लागते. तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेलं नाही, पण ४९ वर्षांच्या गोंयकार पुरुषाचं चारही ठिकाणी 'नाही' आलं तर मला त्यांचं अभिनंदन करावं लागेल. म्हणजे सर्टिफिकेटचा खोळंबा तुमच्या एकटीमुळे होणारच नव्हता.

दिरांचं कार्ड. त्यांचं कौतुक आहेच. ओपन वॉटर हा पहिल्या पायरीचा कोर्स तीन-चार दिवसांचा असतो: थिअरी, मग पोहण्याच्या तलावात किंवा शांत उथळ पाण्यात कसरती, मग समुद्रात चार डाइव्ह. न थांबता २०० मीटर पोहून आणि दहा मिनिटं नुसतं तरंगून दाखवावं लागतं. तेवढं करून त्यांना १८ मीटरपर्यंत, त्यांच्यासारखंच कार्ड असलेल्या जोडीदाराबरोबर जाण्याची मुभा मिळाली आहे. कार्ड नसलेल्या माणसाला खाली न्यायची मुभा मिळालेली नाही. गाडीचं लायसन्स मिळालं म्हणून कुणी दुसऱ्या दिवशी ड्रायव्हिंग स्कूलची पाटी लावत नाही. 'मी बाजूलाच असेन' हे त्यांनी मायेनं म्हटलं असेल, पण पाण्याखाली तुमची जबाबदारी इन्स्ट्रक्टरची. तुम्ही ज्याला स्कुबा म्हणता ती पहिलटकरांची डाइव्ह फार तर १२ मीटरपर्यंत असते आणि ती इन्स्ट्रक्टरच्या हाताखालीच करायची असते. दीर बाजूला असले तर त्यांच्याकडे बघून हात हलवा, बस्स.

आणि 'पाण्यात पडलं की पोहता येतं' ही म्हण ज्यानं काढली तो विहिरीच्या काठावर उभा होता, आत नव्हता.

ग्रँड आयलंडला काय झालं ते मी बघितलेलं नाही, पण त्या बोटी बघितल्या आहेत. डॉल्फिन, स्नॉर्केलिंग, दुपारचं जेवण आणि मधे कुठेतरी स्कुबा, सगळं एकाच तिकिटात. बोटीवर दहा मिनिटं खुणा दाखवतात, त्याही गाण्याच्या आवाजात. मग इन्स्ट्रक्टर मागून टाकी धरून माणसाला खाली नेतो, किराणाची पिशवी न्यावी तसा. व्हिडिओ काढतो आणि परत आणून ठेवतो. सगळेच असे नसतात. वास्को-बोगमाळोच्या बाजूला नीट शिकवणारेही पुष्कळ आहेत. पण तुम्ही त्या दिवशी पाण्याखाली गेला नाहीत, तुम्हाला नेलं. मास्कमध्ये पाणी आलं तर काय करायचं हे तुमच्या हातांना कुणी शिकवलेलंच नव्हतं. मग माणूस जे करतो तेच तुम्ही केलंत. यात हसण्यासारखं मला तरी काही दिसत नाही.

नाकाला पाणी लागलं की श्वास अडतो, ही शरीराची जुनी खोड आहे. 'नाकातोंडात पाणी जाणं' आपण गळ्याशी आलेल्या संकटाला म्हणतो ते उगाच नाही. गंमत अशी, की मास्कमध्ये पाणी भरलेलं असलं तरी तोंडातल्या रेग्युलेटरमधून, म्हणजे टाकीतली हवा देणाऱ्या तोटीतून, श्वास अगदी नीट चालू असतो. डोक्याला ते पटत नाही, एवढंच. डोक्याला पटवायला नेत्राणी लागत नाही. एक साधा स्नॉर्केल, म्हणजे तोंडात धरायची श्वासाची नळी, घ्या, आंघोळीचं घंगाळ पाण्यानं भरा, मास्क न लावता तोंड पाण्यात घाला आणि नाक भिजलेलं असताना तोंडानं श्वास घ्या. पहिल्या दिवशी पाच श्वासही जमणार नाहीत. मला तीन जमले होते. छातीत धडधडतं, हात आपोआप घंगाळाची कड पकडतात. आठवड्यानं तुम्ही तसंच तोंड घालून शंभर मोजाल आणि वर कोण दार वाजवतंय तेही ऐकू येईल. त्यानंतर मास्कमधलं पाणी काढणं ही अगदी किरकोळ गोष्ट उरते: मास्कची वरची कड कपाळाला दोन बोटांनी दाबायची, नजर किंचित वर, आणि नाकानं सावकाश, शेंबूड शिंकरल्यासारखा लांब उच्छ्वास. हवा वर जमते, पाणी खालून निघून जातं. कोर्समध्ये हे इतक्या वेळा करून घेतात की शेवटी कंटाळा येतो. कंटाळा येईपर्यंत करायचं, हेच त्यातलं शिक्षण.

तुमच्या दोन नारळांचं मला फार बरं वाटलं. पाठीवर जे जाकीट चढवतात, बीसीडी, ते म्हणजे नारळांचंच शिकलेलं भावंड. फरक एवढाच की बटण दाबून हवा भरता येते आणि सोडता येते, त्यामुळे तरंगायचं, बुडायचं की मधेच लटकून राहायचं हे आपल्या हातात राहतं. विहिरीत शिकलेली बाई पाण्याला घाबरत नाही. ती घाबरते ती आपल्या हातात काही नसल्याला.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या पत्रात 'खोळंबा' हा शब्द मी मोजला, पूर्ण पत्रात पाच वेळा आहे. या शब्दानं माझा कान फाडला आहे, म्हणून बोलते.

मी कोर्स केला तेव्हा एक्कावन्न वर्षांची होते. तिसऱ्या डाइव्हच्या दिवशी सर्दी होती. सांगितली नाही, कारण बाकीचे चौघे तिशीच्या आतले आणि 'आजींमुळे' बोट अडली असं व्हायला नको होतं. दोरीला धरून उतरायचं होतं. दीड-दोन मीटरवर कान गच्च झाले. नाक दाबून हळूच फुंकलं की कानात हवा जाऊन ते सुटतात; माझे सुटेनात. खाली पाणी गढूळ हिरवं. चौघांच्या पायांतल्या पिवळ्या फिन्स वाळूवर टेकलेल्या दिसत होत्या आणि इन्स्ट्रक्टर वर बघत होता. कान दुखतोय याची खूण किती सोपी: पंजा आडवा हलवायचा आणि कानाकडे बोट दाखवायचं. माझा हात दोरीवरून सुटलाच नाही. चार मीटरवर कानात कुणी टोचा खुपसल्यासारखं झालं, मग बारीक चिरकल्यासारखा आवाज, मग काहीतरी कोमट. वर आले तेव्हा मास्कमध्ये नाकाचं रक्त होतं. कानाच्या पडद्याला इजा झाली होती. सहा आठवडे पाण्याजवळ जायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

इन्स्ट्रक्टर वास्कोच्या मच्छीमार घरातला मुलगा. बोटीवर त्यानं एकच विचारलं, "बाये, घाय कोणाक आसा?" घाई कुणालाच नव्हती. मी खूण केली असती तर तो मला एक मीटर वर घेऊन गेला असता, कान सुटेपर्यंत थांबला असता, नसतेच सुटले तर बोटीवर बसवलं असतं. सगळा खोळंबा पाच मिनिटांचा. न केल्यामुळे पाच जणांची डाइव्ह तिथेच आटोपली.

आपल्या घरांत बायका शेवटच्या पंगतीला बसतात, गाडीत मधल्या सीटवर बसतात, लघवीला थांबवा म्हणायला लाजतात. जमिनीवर ते भागून जातं. पाण्याखाली मात्र ज्याला त्रास होतोय त्यानं ताबडतोब सगळ्यांना अडवायचं असतं, आणि हा तिथला शिष्टाचार आहे. कुणीही डायव्हर, कुठल्याही क्षणी, कुठल्याही कारणानं, कारण न सांगतासुद्धा डाइव्ह संपवू शकतो. अंगठा वर केला की संपलं. हो, अंगठा वर म्हणजे तिथे 'मस्त' नव्हे; 'वर चला'. 'ठीक आहे' सांगायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करतात. व्हॉट्सॲपची सवय असलेले आपले लोक खूश होऊन अंगठे दाखवतात आणि इन्स्ट्रक्टर त्यांना बिचारा वर घेऊन येतो. वर आल्यावर तुम्हाला कुणी 'का' विचारलं, टोमणा मारला, तर तो ग्रुप डाइव्हला नेण्याच्या लायकीचा नाही. तुमच्या बोटीवरच्या हसण्याबद्दल मी इतकं लिहिते आहे ते यासाठी. ज्या बोटीवर हसतात त्या बोटीवर पुढच्या वेळी माणूस खूण करत नाही.

म्हणून ट्रिपबद्दल दिरांना दोन-चार गोष्टी विचारा. एका इन्स्ट्रक्टरकडे पहिलटकर किती? चारच्या वर असतील तर तिथेच थांबा, आणि दोन असतील तर उत्तम. बोटीवर इमर्जन्सीसाठी ऑक्सिजन आहे का (इथे मात्र खराखुरा ऑक्सिजन), आणि तो द्यायला शिकलेला माणूस डाइव्ह चालू असताना बोटीवर थांबतो का? पहिलटकरांना आधी उथळ पाण्यात कसरती करून घेतात की थेट बेटावर? मदत लागलीच तर कुठे नेणार, हे त्यांना ठाऊक आहे का? यांवर 'काही होत नाही हो' हे उत्तर आलं तर दुसरं दुकान बघायचं. आणि आठ जणांनी एकत्र हात धरून फिरण्याची कल्पना (ती तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर आहे, दिरांचीच) विसरा. पाण्याखाली जोड्या असतात. जोडीदार दिसेनासा झाला तर मिनिटभर आजूबाजूला बघायचं आणि मग नीट वर येऊन भेटायचं, एवढं साधं असतं. आठांच्या माळेत कोण हरवलं हेच कळत नाही.

नेत्राणी मात्र त्यांनी बरी निवडली. आपल्याकडे ग्रँड आयलंडला नद्यांचा गाळ येतो. चांगल्या दिवशीही हात लांब केल्यावर पुढे चार-सहा मीटर दिसलं तर नशीब. बुडालेल्या बोटींचे सांगाडे आणि त्यांच्याभोवती फिरणारे गोबरे-तांबोसे मासे बघायला ते पाणी पुरतं, आणि शिकायला तर मी ते चांगलंच म्हणेन. इथे शिकलेला कुठेही जातो. मुर्डेश्वरहून बोटीनं तास-दीड तासावरचं नेत्राणी उघड्या समुद्रात आहे, पाणी निवळ. एके काळी नौदल या बेटावर तोफांचा सराव करायचं, म्हणून तिथे वर चढायचा उत्साह कुणाला आला तर आवरा.

गोव्यात डायव्हिंग म्हणजे निव्वळ पर्यटकांचा खेळ असं सासूबाई म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. त्यांना सांगा, दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी आपल्याच किनाऱ्याजवळ सुंची रीफ या पाण्याखालच्या खडकापाशी बुड्या मारून सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष शोधले. तोफा मिळाल्या, हस्तिदंत मिळाले, पाणघोड्याचे दातही मिळाले. पाणघोड्याचे दात म्हटल्यावर सासूबाई नक्की ऐकतील.

माझा सल्ला असा. या आठवड्यात छातीचे डॉक्टर. त्यांनी 'चालेल' म्हटलं तर पणजीला कांपालच्या पोहण्याच्या तलावावर पुन्हा पोहायला सुरुवात करा, २०० मीटर होईपर्यंत. जानेवारीत एखाद्या चांगल्या शिक्षकाकडे कोर्सच करून टाका. कार्ड पाडी या संस्थेचं की एसएसआय या संस्थेचं, याला महत्त्व नाही. दोन्ही सगळीकडे चालतात. शिकवणारा तुमचं ऐकून घेतो का, एवढं बघा. कोर्सची सवड नसेल तर निदान तलावातला एक पूर्ण दिवस तरी. तोही होणार नसेल तर नेत्राणीला जा, बोटीवर बसा, डॉक्टरांना विचारून स्नॉर्केल लावा, पण खाली जाऊ नका. बोटीवर बसणारीला पैसे फुकट गेले म्हणून कुणी ऐकवलं तर ते पैसे माझ्या नावावर लिहा.

किरकोळ गोष्टी पटापट. मंगळसूत्र, बांगड्या, कुड्या घरीच; पट्ट्यांत अडकतात आणि समुद्र परत देत नाही. आदल्या दिवशी केसांना तेल नको, मास्क निसटतो. मिशीमुळेही मास्क गळतो, यजमानांना मिशी असेल तर मास्क घालून आधी बघायला सांगा. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो. बोट लागत असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर नव्हे. सकाळी पेज किंवा इडली, रात्री मसालेदार शागुती नको. सर्दी असेल तर त्या दिवशी रजा, आणि नाक मोकळं करायच्या गोळीवर विसंबून तर उतरूच नका. तिचा असर खालीच संपला तर वर येताना हवा कानात अडकते. दिरांच्या मित्रांनी शुक्रवारी रात्री बाटल्या काढल्या तर त्यांची शनिवारची पहिली डाइव्ह इन्स्ट्रक्टरनं रद्द करावी, हे मत माझं आहे आणि ते लोकप्रिय नाही.

राहिला साखरपुडा. दिरांच्या आखणीतली खरी चूक इथे आहे आणि कार्डवाल्याला ती कळायला हवी होती. डाइव्ह करताना दाबाखाली नायट्रोजन अंगात विरघळतो. वर आल्यावर तो तासन् तास हळूहळू बाहेर पडत असतो. तेवढ्यात उंचावर गेलं, हवेचा दाब कमी झाला, तर सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यासारखे बुडबुडे होतात. सांधे दुखण्यापासून पाय लुळे पडण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणून एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह किंवा सलग दिवस असतील तर किमान १८ तास विमानात बसायचं नसतं. आपल्याला वाटतं हे विमानापुरतं आहे. पण हा हिशेब साधारण ६०० मीटर उंचीपासून धरतात, आणि बेळगाव ७५० मीटरच्या आसपास आहे. घाट चढून जाणारी गाडी त्या बाबतीत विमानच. रविवारी सकाळी दहाला डाइव्ह संपली तर सोमवारी पहाटे चारच्या आधी बेळगाव नाही, आणि साखरपुडा तर रविवारी संध्याकाळी!

उपाय सोपा आहे. रविवारची डाइव्ह काढून टाका. शनिवारी दुपारी बारापर्यंत दोन्ही डाइव्ह आटोपल्या तर रविवारी सकाळी निवांत मुर्डेश्वराचं दर्शन, शंकराच्या १२३ फुटी मूर्तीखाली फोटो, आणि मग बेळगाव. ग्रुपवर तुम्हीच लिहा: "भावजी, तिसरी डाइव्ह करून लगेच बेळगाव चढता येणार नाही, १८ तासांचा नियम आहे. रविवारची डाइव्ह रद्द करू या का? आणि फॉर्म मी खराच भरतेय, यांचाही. डॉक्टरांची तारीख घेतलीय." तारीख मात्र आधी घ्या आणि मग मेसेज टाका.

घंगाळाचं काय झालं ते कळवा. ते जड वाटलं तर बादलीही चालेल. फक्त न्हाणीचं दार लोटून घ्या, नाहीतर सून बादलीत तोंड घालून नळीतून श्वास का घेतेय, हे सासूबाईंना समजावताना पाणघोड्याचे दातही कामाला येणार नाहीत.